एका घरातली दोन मेजं

आमच्या जुन्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं आणि त्याची भाकर माझी आई करायची. पकडला जाण्याआधी येशू शिष्यांबरोबर शेवटचं जेवला, तेव्हा त्याने भाकर मोडून सगळ्यांना दिली. त्याची आठवण म्हणून मंडळीतले लोक एकेक तुकडा आणि घोटभर द्राक्षरस घेतात, एवढाच हा विधी. पाच मिनिटांत उरकतो. या पाच मिनिटांवरून आमच्या घरात अकरा वर्षं काय झालं ते सांगायचं आहे. सांगताना रडू वगैरे येईल असं कुणी समजू नये. मला तेव्हाही आलं नव्हतं.

भाकरीचं काम आईकडे कसं आलं माहीत नाही, मला आठवतं तेव्हापासून ते तिचंच होतं. शनिवारी सकाळी ती डोक्यावर पदर घ्यायची. मैदा, चिमूटभर मीठ, थोडं दूध, थोडं तेल. यीस्ट नाही, सोडा नाही. घट्ट मळून बोटभर जाडीची भाकर थापायची आणि तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर भाजायची. ती भाजून होईपर्यंत स्वयंपाकघरात कुणी बोलायचं नाही असा नियम होता. हा नियम बायबलमध्ये कुठे नाही, आईनेच केलेला. एरवी आमच्या घरात शांतता फक्त लाइट गेल्यावर असायची, तीही अर्धा मिनिट. भाकर गार झाली की कडा कापून ती बोराएवढे चौकोनी तुकडे पाडायची आणि पांढऱ्या रुमालात बांधून ठेवायची. त्यातला एकही तुकडा आधी तोंडात टाकायचा नाही. माझा हात एकदा रुमालाकडे गेला तेव्हा तिने उलथण्याने मारला होता.

वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर लोखंड कातणारे टर्नर होते. सुताचा फरक चालत नाही, हे त्यांचं जॉबबद्दलचं मत आणि माणसांबद्दलचंही. पँटची इस्त्री मोडली तर ते कामावर उशिरा जातील, पण तसे जाणार नाहीत. असा माणूस एकदा देवाच्या शब्दात मापं शोधायला लागला की घरच्यांनी सावध व्हावं. आम्ही झालो नाही.

त्र्याण्णव साली गावाबाहेरच्या मैदानावर चार दिवस विश्वास जागवणाऱ्या संजीवन सभा झाल्या. बाहेरून आलेल्या प्रचारकाने सांगितलं की तान्ह्या मुलाच्या डोक्यावर पाणी शिंपडणं म्हणजे बाप्तिस्मा नव्हे. माणसाने जाणतेपणी विश्वास धरावा आणि पूर्ण पाण्यात बुडावं, तोच बाप्तिस्मा. वडिलांना ते माप बरोबर वाटलं. ते जाऊन आमच्या पाळकांशी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंशी, बोलले. पाळक म्हणाले, तुमचा बाप्तिस्मा झालेला आहे, पुन्हा करणं म्हणजे पहिल्याचा अपमान. मग शब्दाला शब्द वाढला. त्यात कमिटीत कोण असावं, लाउडस्पीकर कुणाला विचारून घेतला, अमक्याच्या मुलीच्या लग्नाला पाळक का आले नाहीत, हेही निघालं. पाणी हे निमित्त, असं पुष्कळ लोक म्हणतात. माझ्या वडिलांपुरतं ते निमित्त नव्हतं. त्यांना खरोखरच पाण्याचीच पडली होती.

पंधरा-वीस घरं बाहेर पडली. शाहूपुरीत एका हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल त्यांनी रविवारपुरता घेतला. तिथे पाळक नव्हते, सगळे एकमेकांना भाऊ आणि बहीण म्हणायचे. बाहेर नावाची पाटीही नव्हती, कारण आम्ही नवीन पंथ काढलेला नाही, आम्ही फक्त ख्रिस्ती आहोत, असं त्यांचं म्हणणं. आमच्या शहरातल्या प्रत्येक पंथाची सुरुवात याच वाक्याने झालेली आहे.

बाप्तिस्मे हातकणंगल्याजवळ एका शेतात झाले. तिथे मोटरीच्या पाण्याचा सिमेंटचा हौद होता. त्या वर्षी मी सतरा वर्षांची होते. वडिलांनी मला विचारलं नाही आणि मीही नाही म्हटलं नाही. त्यांनी सांगितलं की पांढरा ड्रेस घाल, मी घातला. शेताचा मालक बांधावर उभा राहून एकेकाला पाण्यात जाताना बघत होता. न राहवून त्याने वडिलांना विचारलं, "पावणं, नवस हाय काय ह्यो?" वडिलांनी त्याला उभ्या उभ्या दहा मिनिटं समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की पाणी गार हाय, पोरीला लवकर भाईर काढा. मला हॉलमधल्या एका भावाने पाठीमागे वाकवून बुडवलं आणि वर काढलं. लोक गायला लागले. नाकात पाणी गेलं होतं, एवढंच मला जाणवलं. बाकी काही तरी व्हायला हवं होतं, पण झालं नाही, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

आई आली नाही. हौदावरही नाही आणि हॉलमध्येही नाही. तिची आई मुरगूडकडच्या एका खेड्यातली. तिने मांडीवरच्या पोरीसकट बाप्तिस्मा घेतला तेव्हा भावकीने तिला विहिरीवर येऊ दिलं नव्हतं. दोन वर्षं ती ओढ्याला झरा खणून पाणी भरत होती. मांडीवरची ती पोर म्हणजे माझी आई. वडिलांनी तिच्यापुढे बायबलमधली वचनांमागून वचनं काढली, तेव्हा ती म्हणाली, "माझ्या आईनं पाण्यापायी पाणी सोडलं. त्यो बाप्तिस्मा खोटा हुता असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?" यावर वडिलांपाशी वचन नव्हतं. पण वचन नाही म्हणून ते मागे हटले असंही नाही.

इथे दोन नियम सांगायला हवेत, म्हणजे पुढचं कळेल. हॉलचा नियम असा की ज्याने जाणतेपणी बुडून बाप्तिस्मा घेतलेला नाही त्याला मेजावर जागा नाही. मेज म्हणजे ज्यावर भाकर आणि प्याला ठेवतात ते, आणि पर्यायाने ते भोजनच. जुन्या चर्चचा नियम असा की जो हॉलमध्ये गेला त्याचं नाव वहीतून कमी. त्याला परत यायचं असेल तर मंडळीपुढे उभं राहून माफी मागावी. हा दुसरा नियम फुटीनंतर केला. त्याच्याच जोडीला पाळकांनी आणखी एक प्रथा पाडली. भाकर वाटण्याआधी ते म्हणायचे, ज्यांनी दुसऱ्या मेजावर भोजन घेतलं असेल त्यांनी कृपया बसून राहावं. मग सगळी मंडळी उठून रांगेने पुढे जायची आणि कोण बसून राहिलं ते प्रत्येकाला दिसायचं.

आमचा रविवार असा असायचा. तिघंही आंघोळ करून, चहा पिऊन एकत्र घराबाहेर पडायचो. चौकापर्यंत एकत्र चालायचो. तिथे आई डावीकडे जायची, वडील आणि मी उजवीकडे. आईच्या हातात महिन्यातून एकदा तो पांढरा रुमाल असायचा. दुपारी परत एका ताटाभोवती बसायचो. रात्री घरची प्रार्थना व्हायची, तीत आई गाणं सुरू करायची आणि वडील खालच्या सुरात धरायचे. भांडण म्हणावं तर नव्हतं. शेजारच्या मुसलमान चाचींना हे कधीच कळलं नाही. त्या विचारायच्या की तुमचा देव एकच ना? आई म्हणायची, एकच. मग हे दोन रस्ते कशाला? त्यावर आई त्यांना वाटीभर साखर देऊन विषय बदलायची.

आईला एकच गोष्ट हवी होती आणि ती तिने लपवलीही नाही. आमच्या चर्चमध्ये लग्न लागलं की येणाऱ्या पहिल्या रविवारी नवराबायकोने शेजारी शेजारी उभं राहून भोजन घ्यायची रीत होती. आईने ते घेतलं होतं आणि पुढे सतरा-अठरा वर्षं दर महिन्याला वडिलांच्या शेजारी उभं राहून घेतलं होतं. तिला ते परत हवं होतं. एकदाच मिळालं तरी चाललं असतं. ती वडिलांना म्हणायची, माफी मागा आणि या. वडील म्हणायचे, बाप्तिस्मा घे आणि ये. दोघांचीही दारं उघडी होती, फक्त उंबरे उंच होते. मी मधे होते, पण मध्यस्थी वगैरे काही केली नाही. मला त्याचा कंटाळा आला होता, आणि कंटाळ्याखाली दुसरं काही असेल तर ते मी बघितलं नाही.

दर जानेवारीत शहरातले सगळे पंथ मिळून ऐक्याचा आठवडा पाळायचे. रोज एका चर्चमध्ये प्रार्थना. येशूने आपल्या लोकांनी एक व्हावं म्हणून केलेली प्रार्थना मोठ्याने वाचली जायची. सगळे पाळक एका रांगेत बसायचे, कोण मधे बसणार यावरून थोडी कुजबुज व्हायची. शेवटी चहा आणि चिवडा. भोजन नसायचं, कारण ते कुणाच्या मेजावर घ्यायचं हा प्रश्न आला असता. चहा मात्र सगळ्यांना चालायचा. एका वर्षी आई आणि वडील दोघंही गेले आणि एका बाकावर बसून चिवडा खाऊन आले. आई त्या दिवशी खूश होती. मला तिचा राग आला. चिवड्यावर काय समाधान मानायचं.

माझं लग्न रजिस्टर झालं. नवऱ्याकडचे तिसऱ्याच मंडळीचे, त्यामुळे पाळक कुणाचा यावर तीन बैठका झाल्या आणि चौथीला मीच म्हणाले की कलेक्टर कचेरीत जाऊ. जेवायला सगळ्या बाजूंचे आले आणि पोटभर जेवले.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यात वडिलांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धवट झालं. सुताचा फरक न खपणारा माणूस, आणि तोंडातून लाळ गळते ती पुसायला दुसऱ्याचा हात. मी शाळेत शिकवत होते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की माहेरी जाऊन चपात्या लाटून ठेवायचे, आईला हातभार लावायचे. आई त्यांना भरवायची, कुशीवर वळवायची, पावडर लावायची. रविवारी मात्र तासाभरासाठी चाचींना बसवून चर्चला जायचीच. चाची वडिलांपाशी बसून तसबीहचे, म्हणजे जपमाळेचे, मणी ओढायच्या. वडिलांची काही हरकत दिसली नाही.

पुढच्या वर्षी मार्चमधल्या एका शनिवारी मी गेले तेव्हा वडिलांनी खुणेने आणि तुटक शब्दांनी सांगितलं की भोजन पाहिजे. उद्या नको, आज. मी हॉलमध्ये भाकर मोडून देणाऱ्या भावांना फोन केला; त्यांना आम्ही नुसतं भाऊच म्हणायचो. त्या दिवशी कशावरून तरी कोल्हापूर बंद होतं. भाऊ तरीही स्कूटरवरून आले, म्हणजे माणूस वाईट नव्हता. औषधाच्या बाटलीत द्राक्षरस आणला होता. पण येताना बेकरीतून पाव घ्यायचा म्हणून निघालेले आणि बेकरी बंद. त्यांनी आईला विचारलं, मावशी, घरात चपातीबिपाती आहे का? हॉलमध्ये ते माझ्याहून लहान मुलींनाही बहीण म्हणायचे. आईला मावशी, कारण ती सहभागितेत, म्हणजे हॉलच्या मंडळीत, नव्हती.

डब्यात दोन चपात्या होत्या. आल्यावर मीच लाटून ठेवल्या होत्या. आई स्वयंपाकघरात गेली, मी तिच्या मागे गेले. ओट्यावर दुसऱ्या दिवसासाठी भाजलेली भाकर गार व्हायला ठेवली होती, अजून कापली नव्हती. आईने डब्याला हात लावला नाही. तिने पदर डोक्यावर घेतला, सुरी घेतली आणि भाकरीच्या बरोबर मधला मोठा तुकडा कापला. आयुष्यभर तिने कडेचा चुराही कुणाला दिला नव्हता. माझ्याकडे न बघता तिने तो बशीत ठेवला आणि बाहेर नेऊन भावांच्या हातात दिला.

भाऊ वडिलांच्या खाटेपाशी खुर्चीवर बसले. आई पायथ्याशी उभी होती. त्यांनी बायबल उघडलं, मग मिटलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले की जे सहभागितेत नाहीत त्यांनी थोडा वेळ बाहेर थांबावं. त्यांच्याखेरीज खोलीत तिघंच होतो, वडील, मी आणि ती. त्यांनी जणू खोली माणसांनी भरली आहे असं सर्वांना उद्देशून सांगितलं. आई "बरं" म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. दाराला पडदा होता. पडद्याखाली तिची पावलं दिसत होती.

भावांनी प्रार्थना केली, तुकडा मोडला, वडिलांच्या तोंडात घातला, मला दिला, स्वतः घेतला. मी खाल्ला. मधला भाग असल्यामुळे मऊ होता. या खोलीत माझी आई नाही आणि तिने केलेली भाकर मी खाते आहे हे मला कळत होतं. दात काढायच्या आधी सुई देतात, मग डॉक्टर जबड्यात काय करतो ते कळतं पण लागत नाही, तसं ते होतं. नवीन काही नव्हतं. अकरा वर्षं मला असंच होत होतं.

भाऊ गेले. आई बाहेर आली आणि वडिलांचं तोंड पुसायला ओला कपडा घेऊन बसली. तेव्हा आमच्या लक्षात आलं की वडिलांनी गिळलेलं नव्हतं. तुकडा गालात धरून ठेवला होता. मला वाटलं गिळता आला नसेल. त्यांनी चांगला डावा हात वर नेला, दोन बोटांनी तो तुकडा तोंडातून काढला आणि आईपुढे धरला. शब्द फुटायला वेळ लागला. "घे," ते म्हणाले. "तुझा... वाटा."

त्यांच्या मंडळीच्या नियमाने हा गुन्हा होता. माप सोडून वागलेलं मी त्यांना तेवढ्या एकाच वेळी पाहिलं.

आईचा हात थोडा पुढे झाला होता, हे मी शपथेवर सांगेन. मग तिने तो तुकडा घेतला आणि परत त्यांच्या ओठांशी नेला. "माझ्याच्यानं न्हाय व्हायचं," ती म्हणाली. "तुमी गिळा. उपाशी हायसा सकाळधरनं." तिने तो त्यांच्या तोंडात घातला, चमच्याने पाणी पाजलं आणि गळ्यावरून हात फिरवला. वडिलांनी गिळलं. मग तोंड भिंतीकडे केलं आणि संध्याकाळपर्यंत ते वळले नाहीत.

संध्याकाळी आईने दुसरी भाकर भाजली. मी शेजारी उभी होते, नियमाप्रमाणे कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी ती रुमाल घेऊन चर्चला गेली आणि पाळकांनी ते बसून राहायचं वाक्य म्हटल्यावर इतरांबरोबर उठून रांगेत गेली.

वडील बारा दिवसांनी गेले. दफनाला कुणी अडवलं नाही. जिवंत माणसाला शेजारी उभं करायला तयार नसलेले दोन्हीकडचे लोक मेलेल्याला जागा द्यायला लगेच तयार झाले. भावांनी प्रार्थना केली, जुने पाळक हात बांधून मागे उभे होते, पुरुषांनी मूठमूठ माती टाकली. हॉलचीही पुढे दोन शकलं झाली. कशावरून ते विचारायला मी गेले नाही. मी आता कुठेच जात नाही, आईला सोडायला चर्चच्या फाटकापर्यंत जाते तेवढंच.

हे मी आईला पुष्कळ उशिरा विचारलं. वडिलांना जाऊन चारेक वर्षं झाली असतील. आम्ही दोघी लसूण सोलत बसलो होतो. म्हटलं, तुला एवढं एकच हवं होतं ना, मग त्यांनी दिलं तेव्हा घेतलं का नाहीस?

आईने लगेच उत्तर दिलं. बहुतेक ते तिच्याकडे कधीपासून तयार होतं.

"भ्यालो," ती म्हणाली. आमच्याकडे बायकाही आलो-गेलोच म्हणतात. "खाल्ला असता तर दुसऱ्या दिशी बसून ऱ्हायला लागलं असतं. समद्यांनी बघितलं असतं. भाकर करायचं काम काढून घेतलं असतं. तेवढंच तर हुतं माझ्याकडं." पाळकांना कुठून कळलं असतं, असं मी म्हणाले. ती म्हणाली, त्यांना नसतं कळलं, पण रांगेत उभं राहून मला खोटं वागता आलं नसतं. मग लसणाची टरफलं हातात गोळा करत म्हणाली की भिंतीकडं त्वांड केलेलं रोज दिसतंय.

मी पाकळी सोलत राहिले.

"आणि तुला?" तिने विचारलं. "तू तर आत हुतीस. मी पडद्यामागं हुतो आणि तू खात हुतीस. तुला काय वाटलं तवा?"

"काही नाही," मी म्हणाले. खरं तेच होतं.

आईने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही.

"मग तुझ्यापरीस माझं बरं," ती म्हणाली. "मला भ्या तरी वाटलं."